शास्त्रतत्त्वविनिर्णय व त्याचा कर्ता नीलकंठशास्त्री गोऱ्हे

जुन्या पोथ्या जमविणारांच्या हातीं पोथी येते, परंतु तिच्या कर्त्याचें पुढें काय झालें हें बहुधा कळत नाहीं. फार झालें तर समाप्तीच्या श्लोकांतून गोत्र, ग्राम आणि गुरूचें नांव मिळतें व तेवढ्यावर समाधान मानावें लागतें. 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ ह्या नियमास अपवाद आहे. तो काशी क्षेत्रीं इ. स. १८४४-४५ च्या सुमारास रचिला गेला. ख्रिस्ती मताचें खंडन आणि वैदिक धर्माचें मंडन हा त्याचा विषय. कर्त्याचें वय त्या वेळीं विसाच्या आंतबाहेर होतें. ग्रंथ पुरा झाल्यास चार वर्षें होतात न होतात तोंच, १४ मार्च १८४८ रोजीं, ह्याच कर्त्यानें जौनपुरास बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हें नांव धारण केलें. पुढें सत्तेचाळीस वर्षें तो त्याच धर्मांत राहिला व त्यांतच वारला.

सदर ग्रंथ उज्जयिनीच्या सिंदिया प्राच्य संशोधन संस्थेतर्फे सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनीं संपादून १९५१ सालीं छापिला. यामुळें तो आज सर्वांस पाहतां येतो. नीलकंठशास्त्र्यांच्या धर्मांतराविषयीं आजवर जें लिहिलें गेलें त्यांत दोन सूर ऐकूं येतात. मिशनरी चरित्रकार म्हणतात कीं, अंधारांत चांचपडणाऱ्या पंडितास प्रकाश सांपडला. आपल्याकडील कांहीं मंडळी म्हणतात कीं, साहेबांच्या संगतीनें पोरगा बहकला. आम्हांस हीं दोन्ही मतें पोथीच्या साक्षीपुढें टिकणारीं वाटत नाहींत. पोथी लिहिणारा अंधारांत नव्हता. स्वतःचें शास्त्र त्यास उत्तम अवगत होतें. आणि तो बहकणाराही नव्हता. ज्या मताचा पुढें त्यानें स्वीकार केला त्याच्या मर्मावर त्यानें आधींच नेमके घाव घातले होते. ही गोष्ट ध्यानांत ठेवून पुढील हकीकत पाहावी.

नीलकंठशास्त्री हे कोंकणस्थ ब्राह्मण. जन्म ८ फेब्रुवारी १८२५, बुंदेलखंडांत झांशीपासून सुमारें पन्नास मैलांवरील काशीपुरा गांवीं. बांद्याचे नबाब हे पहिल्या बाजीरावाचे वंशज. त्यांच्या दरबारीं आजा व चुलता दिवाणगिरीवर होते, तेव्हां घराण्याची प्रतिष्ठा कोणत्या दर्जाची असेल हें मराठशाहीच्या अभ्यासकांस सांगावयास नको. कुटुंब पुढें काशीस येऊन राहिलें. मुलाचें अध्ययन तेथील रीतीप्रमाणें व्याकरण व न्याय ह्या शास्त्रांत झालें. घराणें शैव, पण ह्या तरुणानें विष्णूची उपासना स्वीकारली होती. म्हणजे बापाची वाट सोडून आपल्या मनास पटलेल्या देवतेच्या मागें जाणें हें त्याच्या आयुष्यांत १८४८ सालीं प्रथमच घडलें असें नव्हे. ह्या लहानशा गोष्टीस चरित्रकारांनीं द्यावें तितकें महत्त्व दिलेलें नाहीं.

आतां ग्रंथाचें निमित्त. कंपनी सरकारच्या चाकरींतील स्कॉटिश गृहस्थ जॉन मुइर हे संस्कृताचे व्यासंगी होते. त्यांनीं १८३९ सालीं 'मतपरीक्षा' नांवाचें श्लोकबद्ध पुस्तक प्रसिद्ध केलें. रचना गुरुशिष्यसंवादाची, आपल्याकडील प्रकरणग्रंथांच्या वळणावर. जगांत मतें अनेक, त्यांत खरें कोणतें, असें शिष्य विचारतो. आचार्य सत्यमताचीं लक्षणें सांगतो: प्रवर्तकाचें अद्भुत सामर्थ्य, शास्त्राचें पावित्र्य आणि सर्व मनुष्यजातीस त्याचा लागूपणा. त्या कसोटीस केवळ ख्रिस्ती मतच उतरतें असें ठरवून संवाद संपतो. ह्या पुस्तकास पंडितांकडून तीन संस्कृत उत्तरें आलीं. पहिलें सोमनाथाचें, १८३९ चें. सोमनाथ हें टोपणनांव असून त्याखालीं सीहोरचे मराठी ज्योतिषी सुबाजी बापू होते असें रिचर्ड फॉक्स यंग यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे. दुसरें वंगदेशीय हरचंद्र तर्कपंचाननाचें, १८४० चें. तिसरें आणि तिहींत सर्वांत सखोल तें नीलकंठाचें. तिघांपैकीं दोघे मराठी बोलणारे, ही गोष्ट आम्हांस तरी चित्तवेधक वाटते. मुंबईंत मोरभट दांडेकर यांनीं १८३१ सालीं 'श्रीहिंदुधर्मस्थापना' लिहून जॉन विल्सन यांस उत्तर दिलें होतें; तोच झगडा संस्कृताच्या आखाड्यांत उत्तरेकडे चालला होता.

मुइरसाहेबांच्या पुस्तकांतील शिष्य कागदाचा आहे. तो शंका विचारतो, समाधान पावतो आणि पुस्तक मिटतें. त्यास घर नाहीं, आईबाप नाहींत, जात नाहीं. मत पटलें तर दुसऱ्या दिवशीं कोणाच्या पंक्तीस बसावें हा प्रश्न त्यास पडत नाहीं. शुभवर्तमानांत शिष्यत्वाची कल्पना अगदीं निराळी आहे. तेथें येशू कोळ्यांस व जकातदारास वादांत जिंकीत नाहीं. मागें येण्याची आज्ञा करितो, आणि ते जाळीं व नाकें तसेंच टाकून उठतात. मागें येणारानें आधीं खर्चाचा हिशेब करावा, बुरूज बांधणारा करितो तसा, असेंही तेथें बजाविलें आहे. आज्ञा, अनुसरण आणि किंमत ह्या तिन्ही गोष्टींना 'मतपरीक्षे'च्या शिष्याच्या वांट्याला जागाच मिळालेली नाहीं. मुइरसाहेबांस जो शिष्य लिहितां आला नाहीं तो त्यांच्या पुस्तकाचें खंडन करण्यासाठीं काशींत बोरू सरसावून बसला होता.

'शास्त्रतत्त्वविनिर्णया'चा मुख्य सिद्धांत असा आहे: अतींद्रिय विषयांत केवळ तर्कास अधिकार नाहीं, श्रद्धा आधीं, विचार मागाहून. ज्यानें शास्त्र श्रद्धेनें स्वीकारलेंच नाहीं त्यास त्याच्यांतील विरोध दिसणारच. ज्यानें स्वीकारलें त्यास त्याच विरोधांचा परिहार सांपडतो. म्हणून बाहेर उभें राहून धर्माधर्मांची परीक्षा करण्याची मुइरसाहेबांची पद्धतिच मुळांत चुकीची. ही भूमिका मीमांसेच्या व वेदांताच्या परंपरेस धरूनच आहे, तथापि न्यायशास्त्र शिकलेल्या तरुणानें तर्काला एवढी पायरी दाखवावी हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. यंग यांनींही ह्या ग्रंथाच्या श्रद्धाविचारावर भर दिला आहे. आमचें पुढील विवेचन त्यावरच आधारलेलें आहे.

खंडनाचा भाग त्याहून धारदार आहे. पूर्वजन्म न मानल्यास जन्मतःच एक आंधळा व एक डोळस, एक राजा व एक भिकारी, ह्यांचा जाब कोणी द्यावा? जीव ईश्वरानें नवा निर्माण केला म्हटलें तर त्याच्या दुःखाचें उत्तरदायित्व ईश्वराकडेच जातें. अनादि कर्म मानणाऱ्यास ही अडचण येत नाहीं. पशूंनीं कोणतें पाप केलें म्हणून तीं दुःख भोगितात? आणि थोड्या वर्षांच्या आयुष्यांतील अपराधाबद्दल अनंतकाळची शिक्षा देणारा न्यायाधीश दयाळू कसा म्हणावा? हे आक्षेप पोरकट नाहींत. ख्रिस्ती पंडितांनाही ते शतकानुशतकें सतावीत आले आहेत, आणि नीलकंठाच्या बाबतींत तर ते आयुष्यभर त्याच्या पाठीमागें लागले.

ह्याच सुमारास काशींतील चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ यांच्याशीं त्याची गांठ पडली. तो गेला तो वाद करावयास. मिशनऱ्यालाच निरुत्तर करावें हा हेतु. स्मिथ यांनीं त्यास पुस्तकें दिलीं. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें त्याच्या मनाची पकड घेतली असें चरित्रांतून दिसतें. स्मिथ यांनीं ह्या सर्व प्रकरणाची हकीकत 'द्विज' ह्या नांवानें १८५० सालीं लंडनास प्रसिद्ध केली. शीर्षकांतील श्लेष उघड आहे: मुंजीनें दुसरा जन्म पावलेल्या ब्राह्मणास आतां खरा दुसरा जन्म मिळाला, असें त्यांस सुचवावयाचें आहे. पुस्तक पक्षपाती आहे, पण समकालीन आहे. आणि ज्यास पोथी व हें पुस्तक शेजारीं ठेवून वाचतां येईल त्यास एक गोष्ट तात्काळ कळेल. कर्म, पशूंचें दुःख, अनंत शिक्षा ह्यांविषयींच्या आक्षेपांस निर्णायक उत्तर मिळालें आणि म्हणून तो ख्रिस्ती झाला, असें घडलेलें नाहीं. आक्षेप जागच्या जागीं राहिले. बदललें तें एवढेंच कीं, कोणत्या शास्त्रावर आधीं श्रद्धा ठेवावयाची. येशूची शिकवण व त्याचें वर्तन यांत त्यास असा कांहीं अधिकार दिसला कीं, त्याच्यापुढें मान तुकविणें भाग आहे असें त्यास वाटलें; आणि एकदां आज्ञा मानल्यावर शंकांचा परिहार आंतून शोधावयाचा ही पद्धति तर त्यानें स्वतःच पोथींत घालून दिली होती. 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ख्रिस्ती मताच्या खंडनाचा ग्रंथ खराच, परंतु त्याच्या कर्त्याच्या ख्रिस्ती शिष्यत्वाचा आराखडाही त्यांतच आहे, असें आमचें मत आहे.

बाप्तिस्मा जौनपुरास झाला याचें कारण काशींत आप्तांचा अडथळा होता. घरचीं माणसें पाळत ठेवून होतीं. म्हणून कार्य गुपचूप उरकावें लागलें. पुष्कळांस वाटतें कीं, ख्रिस्ती होणारास सरकारी आश्रय व द्रव्यलाभ होई. त्यांनीं सालाकडे लक्ष द्यावें. धर्मांतरामुळें वारसाहक्क बुडूं नये म्हणून संबंध ब्रिटिश मुलुखास लागू होणारा एकविसावा कायदा १८५० सालचा. बंगाल इलाख्यांत १८३२ च्या सातव्या रेग्युलेशननें कांहीं आधार दिला होता इतकेंच. आणि कायदा वारसा वांचवील. पंक्ति, सोयरीक, पिंड, ह्यांना कायद्याचा काय उपयोग? थोरल्या मुलानें असें केल्यावर बापाच्या परलोकाची व्यवस्था कोणी पाहावयाची हा प्रश्न ब्राह्मण घरांत केवढा असतो हें इंग्रज चरित्रकारांच्या पुरतेंपणीं ध्यानांत येणें शक्य नव्हतें. नीलकंठाच्या तें ध्यानांत होतें. त्यानें आयुष्यांतील पहिलीं तेवीस वर्षें त्याच घरांत काढिलीं होतीं.

त्याची पत्नी लक्ष्मीबाई पुढें त्याच्याकडे आली. १८५३ सालीं कन्या झाली आणि त्यानंतर लवकरच लक्ष्मीबाई वारली. मरणापूर्वीं तिनेंही बाप्तिस्मा घेतला होता. आईवेगळी मुलगी युरोपियन कुटुंबांत वाढली आणि बालपणींच विलायतेस गेली. हीच एलेन लक्ष्मी गोऱ्हे. तिचीं इंग्रजी भजनें ख्रिस्ती मंडळ्यांतून पुष्कळ गायिलीं गेलीं, आणि ती हिंदुस्थानांत परत येऊन स्त्रियांची सेवा करीत १९३७ पर्यंत जगली. ज्या घरांत मराठी बोलत त्या घरच्या नातीस कवित्व इंग्रजीचें लाभावें, ह्यांत कौतुक किती आणि हळहळ किती हें ज्याचें त्यानें ठरवावें. जी किंमत शुभवर्तमानांत आगाऊ सांगितली होती तिच्यांतील एक भाग बापानें चुकविला आणि दुसरा मुलीनें.

१८५४ सालीं पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग विलायतेस निघाले त्यांच्याबरोबर नीलकंठशास्त्री शिक्षक म्हणून गेले. तेथील मुक्कामांत त्यांची आणि मॅक्सम्यूलर यांची भेट झाली. मॅक्सम्यूलर यांनीं १८९९ सालीं आपल्या हिंदी मित्रांच्या आठवणी लिहिल्या त्यांत ही भेट नमूद आहे. शास्त्रीबोवा अतिशय खिन्न होते. जें पुस्तकांत वाचून त्यांनीं घरदार सोडिलें तें त्यांना लंडनच्या रस्त्यांत कोठेंच दिसेना. हाच जर ख्रिस्ती धर्म असेल तर आपण परत जातों, अशा आशयाचें त्यांचें बोलणें होतें. हा पुरावा मोलाचा आहे, कारण सांगणारा कोणत्याही मिशनचा चाकर नाहीं. ते परत आलेही. पण काशीच्या पंडितांत बसावयास नव्हे. आज्ञा ज्याची मानली त्याचे इतर अनुयायी ती मानीत नाहींत, एवढ्यानें आपलें बंधन सुटतें असें त्यांस वाटलें नाहीं.

यानंतर त्यांच्या लेखनाचा काळ येतो. १८६० सालीं हिंदींत 'षड्दर्शनदर्पण' निघाला. फिट्झएडवर्ड हॉल यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर १८६२ सालीं कलकत्त्यास छापविलें. ह्यांत सांख्य, न्याय व वेदांत ह्यांची त्यांनीं कठोर चिकित्सा केली आहे. येथें आम्हांस स्पष्ट बोललें पाहिजे. बाहेर उभें राहून तर्कानें परक्या शास्त्राची परीक्षा करूं नये असें ज्यानें मुइरसाहेबांस बजाविलें, त्यानेंच पंधरा वर्षांनीं आपल्या पूर्वजांच्या शास्त्रांवर तोच प्रयोग केला. दर्शनें त्यास परकीं नव्हतीं असें त्याच्या बाजूनें म्हणतां येईल. तरी हा दोष राहतोच. पंडित म्हणून 'दर्पण' वरचढ असेल, पण मनाची सचोटी आम्हांस 'विनिर्णया'त अधिक दिसते.

१८६८ सालचें त्यांचें एक इंग्रजी पुस्तक मात्र संशोधकांनीं अवश्य पाहावें. विषय: अनंतकाळच्या शिक्षेच्या सिद्धांतावरील आक्षेप व त्यांचें निरसन. पोथींत जो आक्षेप त्यांनीं स्वतः उभारिला होता त्यालाच ते चोवीस वर्षांनीं उत्तर देत बसले आहेत. ज्यास तो आक्षेप खरोखर सुटलेला असतो तो पुनः त्याच्यावर पुस्तक लिहावयास बसत नाहीं. सी. ई. गार्डनर यांनीं १९०० सालीं जें त्यांचें चरित्र प्रसिद्ध केलें त्यांतही शास्त्रीबोवांच्या मनांतील शंकांच्या लाटा दडविलेल्या नाहींत. संप्रदायाचा चरित्रकार असून त्यानें हें केलें, याबद्दल त्यास श्रेय दिलें पाहिजे.

शंका आणि आज्ञा यांची ही ओढाताण पंथांतराच्याही मुळाशीं आहे. केवळ बायबल प्रमाण मानणाऱ्या मंडळींत ते प्रथम होते. पुढें ते इंग्लंडी मंडळीच्या प्राचीनपरंपराभिमानी पक्षाकडे वळले. १८६८ सालीं त्यांस डीकनची व १८७० सालीं आचार्यपणाची दीक्षा मिळाली. ज्याच्या हाडींमांसीं काशीची विद्या आहे त्यास सूत्र आहे पण भाष्यपरंपरा नाहीं, ही स्थिति फार दिवस मानवणारी नव्हती. ग्रंथ आहे, तर त्याचा अर्थ कोणत्या संप्रदायानें लावावयाचा? 'विनिर्णय' लिहिणाराच येथेंही बोलत आहे.

१८७६ सालीं ते ऑक्सफर्डजवळील काउली येथें संत योहानाच्या नांवानें चालणाऱ्या संन्यासी संघांत उमेदवार म्हणून दाखल झाले. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकता ह्या तीन व्रतांचा तो संघ. ब्रह्मचर्य त्यांचें पत्नी गेल्यापासून चालूच होतें. दारिद्र्याची त्यांना कधींच खंत नव्हती. पण अखेरची शपथ त्यांनीं घेतली नाहीं. ज्यानें आज्ञेसाठीं बाप सोडिला, मुलगी परक्यांच्या घरीं वाढूं दिली, तोच आज्ञाधारकतेचें व्रत घेण्यास कां कचरला असें कोणी विचारील. आम्हांस यांत विसंगति दिसत नाहीं. शपथ घ्यावयाची म्हणजे मनांत तिळमात्र किंतु नाहीं असें देवापुढें सांगावयाचें. आणि तसें सांगणें त्यांच्या लेखीं खोटें झालें असतें. आज्ञा पाळणें त्यांना शक्य होतें, निःशंक असल्याचा दाखला देणें शक्य नव्हतें. उमेदवाराच्या वस्त्रांत त्यांनीं आज्ञा पाळिली.

उत्तर आयुष्यांत त्यांचें वास्तव्य पुण्यास व मुंबईस बरेंच झालें. १८९० सालीं ज्या चहावरून रानडे व टिळक यांच्यामागें ग्रामण्याचें शुक्लकाष्ठ लागलें त्या पंचहौदाच्या मिशनाशीं त्यांचा संबंध होता. पंडिता रमाबाईंशीं त्यांचा परिचय पुण्याचाच. रमाबाई विलायतेस असतां त्यांच्या मनावर शास्त्रीबोवांच्या पत्राचा निर्णायक परिणाम झाला, असें त्यांनीं १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनांत सांगितलें आहे. वेदांत आहे असें समजून आपण जो ब्राह्म धर्म मानीत होतों तो वस्तुतः ख्रिस्ती शिकवणीचेंच रूपांतर आहे, हें त्या पत्रानें त्यांस पटविलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें रमाबाई इंग्लंडी मंडळीच्या अधिकाऱ्यांपुढें वाकल्या नाहींत व स्वतंत्र वाटेनें गेल्या. शास्त्रीबोवांना परंपरेचा अधिकार हवा होता, रमाबाईंना नको होता. एकाच गुरूच्या आज्ञेचा अर्थ दोन मराठी माणसांनीं इतका निराळा लावावा, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

नीलकंठशास्त्री २९ ऑक्टोबर १८९५ रोजीं मुंबईस निवर्तले. त्याच वर्षीं फेब्रुवारींत त्याच शहरीं नारायण वामन टिळक यांनीं बाप्तिस्मा घेतला होता.

राहतां राहिला एक व्यवहाराचा प्रश्न. खंडनमंडनाच्या पोथ्या पुष्कळ संग्रहांत 'संकीर्ण' म्हणून एका बाजूस बांधून ठेवण्याची चाल आहे. त्यांतही ज्यांचा कर्ता पुढें धर्मांतर करून गेला त्यांच्याविषयीं सूचीकारांची वृत्ति उदासीन असते. एका पक्षास ती पोथी बाटग्याची, दुसऱ्यास ती विरोधकाची. 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'ची नोंद कोणत्या नांवाखालीं करावी? आमच्या मतें ती 'नीलकंठ गोऱ्हे' ह्याच नांवाखालीं, धर्मशास्त्रविवादाच्या वर्गांत करावी, आणि पुढें कंसांत नेहेम्या हें नांव व १८४८ हा सन द्यावा. तसेंच 'षड्दर्शनदर्पणा'च्या नोंदीवरून तिकडे व तिकडून इकडे निर्देश करावा. दोन्ही ग्रंथ एकाच हाताचे आहेत, आणि एक वाचल्यावांचून दुसऱ्याचा उलगडा होत नाहीं.